पौषातली पौर्णिमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐन हिवाळ्यातली पौर्णिमा म्हणजे नेमकी कोणती?

हिवाळ्याचा मध्य म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी रात्र, असे धरले तर तो २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. त्या दिवसाच्या सर्वांत जवळची पौर्णिमा कधी मार्गशीर्षातली, म्हणजे दत्तजयंतीची असते, तर कधी पौषातली, म्हणजे शाकंभरीची असते. ४ डिसेंबर २०२५ ची दत्तपौर्णिमा आणि ३ जानेवारी २०२६ ची शाकंभरी पौर्णिमा यांत मध्याला अधिक जवळची दुसरी होती. २०२६ मध्ये अधिक महिना असल्यामुळे हे गणित पुढे सरकते आणि २३-२४ डिसेंबर २०२६ ची दत्तपौर्णिमा जवळजवळ मध्यावरच येते, तर शाकंभरी पौर्णिमा २२ जानेवारी २०२७ पर्यंत लांबते.

या पानावर मुख्यतः पौष पौर्णिमेचा विचार केला आहे. कोजागरीला दूध आटवले जाते आणि त्रिपुरीला दिवे लागतात, पण पौषातल्या चंद्राकडे सहसा कोणी वर मान करून पाहत नाही. त्या रात्री बाहेर थंडी असते, दारे लावलेली असतात आणि लोक पांघरुणात असतात. आकाशाच्या बाजूने पाहिले तर मात्र वर्षातला सर्वांत उंच आणि सर्वांत जास्त वेळ क्षितिजावर राहणारा पूर्ण चंद्र हा किंवा याच्या आधीचा दत्तपौर्णिमेचा असतो.

पौष हे नाव या पौर्णिमेवरूनच आले आहे का?

होय. ज्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र पुष्य नक्षत्रात किंवा त्याच्या आसपास असतो, तो पौष. चंद्र नेमका पुष्यातच सापडेल असे दरवर्षी होत नाही. तो पुनर्वसूतही असू शकतो.

हिवाळ्यातला पूर्ण चंद्र इतका उंच का चढतो?

पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे त्याच्या समोरचा चंद्र उत्तरेकडे, म्हणजे उन्हाळ्यात सूर्य ज्या भागात असतो तिथे जाऊन बसतो. थोडक्यात, पौषाच्या मध्यरात्री चंद्र ज्येष्ठातल्या भर दुपारच्या सूर्याची वाट चालतो. उलट वटपौर्णिमेचा किंवा गुरुपौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडून, बराच खालून जातो, आणि तोही बहुधा ढगांत असतो.

चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे आणि हा कल १८.६ वर्षांच्या फेऱ्यात आपली दिशा बदलतो. त्यामुळे काही वर्षे हिवाळ्यातला पूर्ण चंद्र सूर्याच्या उत्तर टोकाच्याही पलीकडे, विषुववृत्ताच्या २८ अंशांपर्यंत उत्तरेला जातो. २०२४-२५ च्या सुमारास हा फेरा टोकाला होता. आता चंद्राची उत्तरेकडची मजल दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाईल आणि २०३३-३४ च्या सुमारास ऐन हिवाळ्यातला पूर्ण चंद्र साधारण साडेअठरा अंशांवरून, म्हणजे पुण्याच्या जवळपास थेट माथ्यावरून जाईल.

हा फरक साध्या डोळ्यांनी कळतो का?

कळतो, आणि त्यासाठी दुर्बीण लागत नाही, सावली पुरते.

महाराष्ट्र साधारण १६ ते २२ अंश उत्तर अक्षांशांत पसरलेला आहे. याचा अर्थ सध्याच्या वर्षांत ऐन हिवाळ्यातला पूर्ण चंद्र कोल्हापूर, पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर या सगळ्या ठिकाणी मध्यरात्री डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकतो आणि सावली दक्षिणेला पडते. मे ते जुलै या काळात सूर्यही काही आठवडे आपल्या उत्तरेला असतो, पण जूनपासून आभाळ भरून आल्याने ते फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. उत्तरेकडून पडणारा प्रकाश निरभ्र आकाशात निवांत पाहायचा असेल तर पौषाची मध्यरात्र त्यासाठी उत्तम आहे.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी अंगणात कमरेएवढे तुळशीवृंदावन आहे. जानेवारीतल्या दुपारी त्याची सावली उत्तरेकडे, स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत लांब पडते आणि आमची आजी त्याच सावलीत पाण्याची कळशी ठेवत असे. गेल्या पौर्णिमेला रात्री साडेबाराच्या पुढे मी बाहेर आलो तेव्हा ती सावली जाग्यावर नव्हती. वृंदावनाच्या दुसऱ्या अंगाला, दक्षिणेकडे, शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक आखूड, काळीभोर पट्टी तेवढी होती. माझी स्वतःची सावली वीतभर होती, जणू पायाखाली घातलेले पोतेरेच. तुळशीच्या मंजिऱ्या जमिनीवर एकेक वेगळ्या मोजता येत होत्या. दिवसा ओळखीचे वाटणारे अंगण त्या वेळी उलटे करून ठेवल्यासारखे दिसत होते, आणि मी कितीतरी वेळ थंडीत तसाच उभा राहिलो.

शहरात हे पाहायचे असेल तर रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड जिथे पोचत नाही अशी गच्ची शोधावी लागते. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची असल्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात चंद्र बारा वाजता नव्हे, तर साडेबारा ते पाऊण वाजण्याच्या दरम्यान माथ्यावर येतो, हेही लक्षात ठेवावे. बरोब्बर बारा वाजता पाहून खाली जाणारे बरेचजण अर्धा तास आधीच जातात.

हा चंद्र इतरांपेक्षा जास्त तेजस्वी असतो का?

थोडा असतो. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जुलैच्या तुलनेत सूर्यप्रकाश सुमारे ७ टक्के जास्त मिळतो, तेवढाच तो चंद्रालाही मिळतो. चंद्र उंचावर असल्यामुळे त्याच्या प्रकाशाला हवेचा पातळ थर पार करावा लागतो. त्यातच चंद्र पृथ्वीजवळ असेल तर भर पडते: ३ जानेवारी २०२६ रोजी तो सुमारे ३ लाख ६२ हजार किलोमीटरवर होता, सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटर आहे. योगायोगाने पृथ्वीही त्याच दिवशी सूर्याच्या सर्वांत जवळ होती. २४ डिसेंबर २०२६ च्या पहाटेचा चंद्र तर त्या वर्षातला सर्वांत जवळचा पूर्ण चंद्र आहे.

मात्र उगवताना तो जो प्रचंड मोठा दिसतो तो आपल्या नजरेचा भास आहे. हाताची करंगळी लांब धरून तिच्या नखाआड तो झाकून पाहावा. माथ्यावर आल्यावरही तो तेवढ्याच नखाआड मावतो.

चांदण्यामुळे थंडी वाढते, हे खरे का?

नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि ढग असतील तर ती काही प्रमाणात अडते. ज्या रात्री चंद्र स्वच्छ दिसतो त्या रात्री ढग नसतात, म्हणून ती रात्र गार असते. निरभ्र अमावास्याही तितकीच गार असते, फक्त ती पाहायला कोणी बाहेर थांबत नाही.

कॅलेंडरवर पौर्णिमा ३ तारखेला छापली होती, मग पूर्ण चंद्राची रात्र कोणती?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो रास्त आहे. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढायला लागणारा वेळ. तिचा आपल्या मध्यरात्रीशी काही संबंध नसतो. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची तिथी म्हणून छापली जाते. ३ जानेवारी २०२६ रोजी पौर्णिमा दुपारी साडेतीनच्या सुमारास संपली, म्हणजे चंद्र पूर्ण झाला तो क्षण भर दुपारी, चंद्र क्षितिजाखाली असताना येऊन गेला. तिथीप्रमाणे पौर्णिमेची रात्र २ तारखेची होती, पण केवळ पाहण्याच्या दृष्टीने २ आणि ३ या दोन्ही रात्रींच्या चंद्रांत डोळ्याला फरक कळत नाही. २२ जानेवारी २०२७ रोजी पौर्णिमा सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास संपते, त्यामुळे त्या दिवशी उगवणारा चंद्र जवळजवळ ताजा पूर्ण असेल.

कुळाचार आणि नैवेद्यासाठी मात्र आपल्या घरच्या पंचांगाचेच ऐकावे.

शाकंभरी म्हणजे कोण, आणि ती ऐन हिवाळ्यात कशी?

दुर्गासप्तशतीच्या अकराव्या अध्यायात देवी पुढच्या अवतारांविषयी सांगते. शंभर वर्षे पाऊस पडणार नाही, पृथ्वीवर पाणी उरणार नाही, तेव्हा मी प्रकट होईन आणि शंभर नेत्रांनी मुनींकडे पाहीन, म्हणून मला शताक्षी म्हणतील; मग पाऊस येईपर्यंत स्वतःच्या देहातून उगवलेल्या भाज्यांनी सगळ्या लोकांचे पोषण करीन, म्हणून शाकंभरी हे नाव पडेल, असा त्याचा आशय आहे. देवीभागवतात ही कथा दुर्गम नावाच्या असुराशी जोडून अधिक विस्ताराने येते.

म्हणजे ही मुळात दुष्काळाची देवी आहे. तिचा उत्सव मात्र अशा दिवसांत येतो, जेव्हा बाजारात भाजीला तोटा नसतो. खरीप घरात आलेले असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, तुरीच्या ओल्या शेंगा आणि पावटा टोपल्यांनी उतरत असतो. वर्षभरात इतक्या प्रकारची भाजी एकाच वेळी फक्त याच चार-सहा आठवड्यांत मिळते. ज्यांनी हा दिवस ठरवला त्यांना शेताचे वेळापत्रक नीट ठाऊक असले पाहिजे, असे मला वाटते. भूक आठवायची ती भरल्या पोटीच आठवता येते. उपाशी माणसाला ती आठवावी लागत नाही.

आमची आजी पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या भाकरीबरोबर घोळ, तांदुळसा असे जे रानात सापडेल ते शिजवल्याचे ती सांगत असे. म्हणून आमच्याकडे शाकंभरीच्या भाज्यांत निदान एक भाजी विकत न आणलेली, रानातून खुडलेली असलीच पाहिजे असा तिचा नियम होता. बहुतेक वेळा ती पाथरी असे. पोथीत हा नियम नाही, तरी आम्ही तो अजून पाळतो.

साठ भाज्यांचा नैवेद्य म्हणजे खरोखर साठ भाज्या करायच्या का?

साठ हा आकडा पुष्कळ घरांत सांगितला जातो; काही घरांत एकवीस, काही घरांत 'मिळतील तितक्या' अशी रीत असते. साठ वेगवेगळ्या भाज्या वेगवेगळ्या पातेल्यांत शिजवणे घरगुती ओट्यावर शक्य नसते. त्यामुळे बहुतेकजणी पाच-सात मुख्य भाज्या, दोन-तीन कोशिंबिरी आणि एक मोठी मिसळीची भाजी करतात आणि उरलेल्या सगळ्या भाज्यांची एकेक फोड किंवा चिमूटभर पाला त्या मिसळीत जातो. नैवेद्य असल्यामुळे कांदा आणि लसूण वर्ज्य असतो. सोबत बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, लोणी, वरणभात आणि पुरण किंवा खीर, जशी घरची पद्धत असेल तसे.

खरी गंमत मोजणीत असते. आदल्या संध्याकाळी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून सगळी भाजी मांडली जाते आणि वाद सुरू होतो. मुळा, मुळ्याचा पाला आणि डिंगरी या तीन भाज्या धरायच्या की एकच? मेथीची जुडी आणि घरात मोड आलेल्या मेथ्या वेगळ्या का? बटाटा, फ्लॉवर आणि कोबी परदेशातून आलेले, ते देवीला चालतात का? (आमच्याकडे चालतात, मात्र ते मोजायचे सर्वांत शेवटी, आकडा कमी पडला तरच.) चाकवत, चुका, शेपू, अंबाडी, करडई, हरभऱ्याचा पाला आणि चंदनबटवा इथपर्यंत पालेभाज्यांत कोणी अडत नाही, घेवडा, वाल, पावटा, तूर, मटार आणि शेवगा या शेंगा झाल्या, सुरण, रताळे, कोनफळ, गाजर, नवलकोल आणि अळकुड्या हे जमिनीखालचे झाले, वांगी, दोडका, घोसाळे, पडवळ, कारले, तोंडली, लाल भोपळा आणि कोहळा झाले. चाळिशीच्या पुढे माणूस कल्पक होतो. ओली हळद, आंबेहळद, आवळा, कैरी मिळाली तर कैरी, हिरवी मिरची, आले, कढीलिंब, सगळे रांगेत येऊन बसतात. एका वर्षी अठ्ठावन्नवर गाडी अडली तेव्हा माझी आत्या उठून परसात गेली आणि केळफूल व अळूचे एक पान घेऊन आली.

विकत आणणाऱ्यांसाठी व्यवहाराची एक गोष्ट सांगतो. पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधी पुण्या-मुंबईच्या मंडयांत 'शाकंभरीची मिसळ भाजी' म्हणून निवडक फोडींचे वाटे मिळतात. ते घेणे गैर नाही, पण सुरण आणि अळू त्यात कापून टाकलेले असतील तर मिसळीत चिंच किंवा आंबट चुका पुरेसा घालावा, नाहीतर घशाला खाज सुटते आणि दोष प्रसादाला लागतो.

शाकंभरी नवरात्र आणि आश्विनातले नवरात्र यांत काय फरक आहे?

शाकंभरी नवरात्र पौष शुद्ध अष्टमीला बसते आणि पौर्णिमेला उठते. नाव नवरात्र असले तरी ते आठ दिवसांचे, आणि तिथीचा क्षय-वृद्धी झाली तर एखादा दिवस कमी-जास्त होते. ज्या घरांची कुलस्वामिनी शाकंभरी किंवा बनशंकरी आहे तिथेच ते प्रामुख्याने बसते. तुळजापूरला ते मोठ्या प्रमाणावर होते: त्याआधी तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवली जाते, तिला मंचकी निद्रा म्हणतात; मग अष्टमीला घट बसतात आणि नवरात्रात जलयात्रा निघते.

बनशंकरीचे देऊळ कर्नाटकात असताना ती इतक्या मराठी घरांची कुलदेवता कशी?

बादामीपासून सुमारे ५ किलोमीटरवर चोळचगुड्ड येथे बनशंकरीचे देऊळ आहे. भाषेच्या सीमा राज्यांच्या रूपाने आखल्या गेल्या १९५६ आणि १९६० साली, कुळे त्याच्या कितीतरी आधीची आहेत. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडची अनेक घराणी त्या काळापासून बादामीला जात आली आहेत. पौष पौर्णिमेला तिथे रथ ओढला जातो आणि त्यानिमित्त भरणारी जत्रा पुढे बरेच दिवस चालते. देवळासमोरचे हरिद्रातीर्थ, त्याच्या कडेच्या दगडी ओवऱ्या आणि डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्या बायकांकडची ज्वारीची भाकरी, भरली वांगी, लाल चटणी आणि दही हे न खाता परतलेल्या माणसाने आपण बनशंकरीला जाऊन आलो असे म्हणू नये.

जेजुरीला या पौर्णिमेस गाढवांचा बाजार का भरतो?

पौष पौर्णिमा ही खंडोबाच्या मोठ्या यात्रांपैकी एक आहे. वैदू, कैकाडी, बेलदार, वडार, कुंभार अशा ज्या समाजांचे पोट पिढ्यान्पिढ्या गाढवाच्या पाठीवर चालले, ते या वेळी कुलदैवताच्या दर्शनाला एकत्र येतात, आणि जिथे माणसे जमली तिथे व्यवहारही झाला. बंगाळी पटांगणात हा बाजार भरतो. गुजरातेतून येणाऱ्या उंच, पांढरट काठेवाडी जनावरांना गावठीपेक्षा जास्त किंमत मिळते. वय दातांवरून ठरते: दोन दात आलेले ते दुवान, चार दात आलेले ते चौवान. विकत घेणारा आधी ओठ वर करून दात पाहतो, मग भावाचे बोलतो.

वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर यंत्रे आल्यापासून जनावरांची संख्या कमी होत गेली आहे. तरीही डोंगराळ भागात, जिथे गाडी चढत नाही तिथे वाळू-विटा अजून गाढवच चढवते.

मांढरदेवीच्या यात्रेला जावे का?

सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या मांढरगडावर काळूबाईची मुख्य यात्रा पौष पौर्णिमेलाच असते. २५ जानेवारी २००५ रोजी याच पौर्णिमेला तिथे चेंगराचेंगरी आणि आग यांत सुमारे तीनशे माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला, वाटांची रचना बदलली आणि बंधने आली. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर मुख्य दिवस टाळून पुढे-मागे जावे, देवी तीच असते.

गोव्यात ही पौर्णिमा कशी साजरी होते?

माशेलच्या देवकीकृष्ण देवस्थानात या दिवशी मालिनी पौर्णिमेचा जत्रोत्सव असतो. आई देवकीच्या कडेवर बाळकृष्ण अशी तिथली मूर्ती आहे, आणि देवकीसह कृष्णाची पूजा होणारी देवळे फारच थोडी आहेत. पोर्तुगीज काळात हा देव चोडण बेटावरून हलवला गेला आणि पुढे माशेलला स्थिरावला.

उत्तरेत याच दिवशी प्रयागला मोठे स्नान असते, त्याचा आपल्या पौर्णिमेशी काय संबंध?

पौर्णिमा तीच, महिन्याची मोजणी वेगळी. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून शाकंभरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आपला पौष अर्धा उरलेला असतो आणि तिकडे माघ सुरू झालेला असतो. प्रयागला कल्पवास करणारे लोक पौष पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंत संगमाच्या वाळूत राहतात. आपल्या पंचांगांतही या दिवसापुढे 'माघस्नानारंभ' असे छापलेले असते, मात्र ते वाचून पहाटे गार पाण्याने अंघोळ करणारे आता थोडे राहिले आहेत.

१३ जानेवारी २०२५ हा दिवस या दृष्टीने विशेष होता. प्रयागच्या महाकुंभाची सुरुवात त्या पौष पौर्णिमेला झाली आणि आपल्याकडे त्याच दिवशी भोगी होती. शाकंभरीच्या मिसळीच्या भाजीत तीळ कुटून घालायचे की भोगीची भाजी वेगळी करायची, यावर त्या सकाळी अनेक स्वयंपाकघरांत खल झाला असणार. आमच्याकडे तीळ पडले.

विदर्भाच्या सीमेपलीकडे छत्तीसगढात हाच दिवस छेरछेरा म्हणून साजरा होतो. धान घरात आलेले असते आणि मुले दारोदार जाऊन ते मागतात.

पौष भाकड महिना मानतात, मग त्यात इतक्या यात्रा कशा?

पौषात लग्नकार्ये करत नाहीत, म्हणून तो भाकड. ज्याअर्थी लग्ने नाहीत त्याअर्थी माणसे मोकळी आहेत, खळ्यावरचे दाणे विकून चार पैसे हाती आहेत, आणि पाऊस नाही. यात्रेला आणखी काय लागते?

समुद्रावर या पौर्णिमेचा परिणाम वेगळा असतो का?

भरतीचे उधाण प्रत्येक पौर्णिमा-अमावास्येला येते. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती दुपारी बारा-एकच्या आणि रात्री बारा-एकच्या सुमारास असते, पण दोन्ही सारख्या नसतात. पावसाळ्यात दुपारची जास्त चढते, हिवाळ्यात रात्रीची. पौषाच्या मध्यरात्री चंद्र आपल्या गोलार्धावर, जवळपास डोक्यावर असतो, हे याच्यामागचे एक मुख्य कारण आहे. पावसाळ्यातल्या भरतीच्या बातम्या होतात कारण तेव्हा गटारांतून पाणी उलटे येते. हिवाळ्यातली रात्रीची भरती कोळीवाड्याबाहेर कोणाला कळतही नाही.

शेतकऱ्याला या चांदण्याचा उपयोग काय?

पूर्वीइतका नाही, पण आहे. रब्बीच्या गव्हाला आणि कांद्याला पाणी द्यायचे ते वीज येईल तेव्हा, आणि ती पुष्कळदा रात्री येते. चांदण्यात बारे मोडताना पाणी कुठवर गेले ते बॅटरीशिवाय दिसते, पायाखालचे दिसते, आणि उसाच्या कडेला काही हालले तर तेही दिसते. बिबट्याच्या भागात याला फार किंमत आहे. ऊसतोडीच्या टोळ्या पहाटे तीन-चारला फडात उतरतात, तेव्हा पश्चिमेला कललेला हाच चंद्र त्यांचा दिवा असतो.

हुरड्याला येणारी शहरी मंडळी मात्र चांदण्यात आगटीभोवती बसण्याऐवजी शेतावर फोकस लावून घेतात. हे का करतात ते मला अजून कळलेले नाही.

बातम्यांत याला 'वुल्फ मून' म्हणतात, ते काय आहे?

उत्तर अमेरिकेत प्रत्येक महिन्याच्या पूर्ण चंद्राला तिथली लोकनावे आहेत आणि जानेवारीच्या चंद्राला लांडग्याचे नाव आहे. तिकडच्या बर्फात ते शोभते. आपल्या बातमीत त्याच दिवसाला शाकंभरीचे नाव असताना ते परकेपण उचलून आणण्याची गरज दिसत नाही. पुणे-सोलापूरच्या माळांवर आपलेही लांडगे आहेत, त्यांना या निमित्ताने आठवायचे असेल तर गोष्ट वेगळी.

परदेशात राहणाऱ्यांनी पौर्णिमा कोणत्या दिवशी धरावी, आणि तिथे चंद्र असाच दिसतो का?

तिथी स्थानिक सूर्योदयावरून ठरते, म्हणून भारतातली तारीख तशीच उचलू नये. अमेरिकेत ती बऱ्याचदा एक दिवस आधी येते. आपल्या गावासाठी काढलेले पंचांग पाहावे.

लंडनमध्ये हिवाळ्यातला सूर्य दुपारीही छपरांच्या वर फारसा येत नाही, पण तिथला पूर्ण चंद्र मध्यरात्री ६० अंशांहून वर चढतो, त्यामुळे तिथे दिवसरात्रीतला विरोध आपल्यापेक्षा ठळक वाटतो. सिडनीत सगळे उलटे असते. जानेवारी तिथे उन्हाळ्याचा, रात्र लहान, आणि हाच चंद्र उत्तरेच्या क्षितिजापासून जेमतेम ३० अंश वर येऊन मावळतीकडे वळतो. शिवाय त्याच्यावरचा ससाही डोके खाली करून बसलेला दिसतो. तिथे राहणारी माझी मावसबहीण दरवर्षी भाज्या मोजून आकडा कळवते. गेल्या खेपेला तो एकतीस होता, आणि त्यातली एक, घोळ, तिने पदपथाच्या भेगेतून उपटून आणली होती.